नांगर वळायचा ती जागा

नवी रेल्वे काकांच्या शेतातून जाणार हे कळलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. आम्ही धाराशिवला राहतो. कॉलेजसाठी मी सोलापूरला ये-जा करायचे आणि तुळजापूरचा घाट आला की एसटीत मला मळमळायचं. आता रूळ येणार होते. काकांनीही सही करताना कुरकुर केली नाही. त्यांची अडचण एकच होती, लिंबाखालचे पांडव.

पांडव म्हणजे चुना लावलेले पाच दगड. येळवशीला, मार्गशीर्षातल्या अमावस्येला, त्यांच्याभोवती कडब्याची कोप उभारायची, भज्जी, उंडे, आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा आणि मग आंबील शिंपत सगळ्या रानाला फेरी मारायची. इतरांकडे दरवर्षी नवे दगड मांडतात. आमचे मात्र आजोबांच्या वडिलांनी मांडलेले, तिथंच राहिलेले. रेल्वेच्या खुणेचा लाल खांब त्यांच्या अगदी शेजारी रोवला गेला.

"तू साहेबाशी इंग्रजीत बोल," काका म्हणाले. "आमचं मराठी ऐकून घेत न्हाईत ती."

मला दुकानात सुट्टे मागायलाही जीवावर येतं, पण काका गावभर सांगून बसले होते. पत्र्याच्या ऑफिसात मी पाठ केलेली चार वाक्यं म्हटली. तरुण इंजिनिअरनं ती शांतपणे ऐकली आणि मराठीत उत्तर दिलं.

"मॅडम, मी पण शेतकऱ्याचाच मुलगा आहे. पण रुळाला एवढ्याशा जागेत वळण देता येत नाही. गाडी घसरेल. दगड उचलून बाजूला ठेवा ना."

त्याचं बरोबर होतं. तो उर्मटपणे वागला असता तर निदान राग तरी आला असता.

बाहेर काका चप्पल हातात घेऊन उभे होते. "काय म्हणला?"

"जमत नाही म्हणाले. दगड उचलून ठेवा म्हणाले."

"पांडव उचलत्यात व्हय? नांगूर वळवत्यात." थोडं चालल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, "इंग्रजीतच बोललीस न्हवं?"

"हो, काका."

"मंग झालं."

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. येळवशीला आम्ही नेहमीसारखं रानात गेलो. भराव शेजारच्या रानापर्यंत आला होता. पोकलेन तिथं उभं होतं आणि त्याच्या सावलीत दोन परप्रांतीय कामगार बसले होते. पूजा झाली, काका फेरी मारून आले, आणि त्यांनी त्या दोघांना हात केला. येळवशीला नजरेच्या टप्प्यातला माणूस उपाशी ठेवत नाहीत.

"रान खाल्लं, आता भज्जी बी खाऊ द्या," काकू पुटपुटली. पण पहिली वाढ तिनंच वाढली.

पोकलेन चालवणारा माणूस तीनदा भज्जी मागून जेवला. "चाचा, ऐसा खाना हमारे यहाँ नहीं बनता."

"खा बाबा," काका हसले. "आमचं पांडव आता तुझ्याच हातात हायेत."

त्याला कळलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मग मला सगळं हिंदीत सांगावं लागलं. ऐकता ऐकता त्याचा घास हातातच राहिला.

"दीदी, कल सुबह इधर ही आना है," तो म्हणाला. "मैं नहीं आया तो दूसरा आएगा. मशीन नहीं लगाऊँगा, हाथ से उठाऊँगा. चाचा से पूछो, कहाँ रखूँ?"

मी काकांना विचारलं. त्यांनी लिंबाकडे पाहिलं, बांधाकडे पाहिलं. इतकी वर्षं नांगर या जागेला वळसा घालत आला होता. दुसरी जागा असू शकते हे त्यांच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं.

"तूच सांग की त्याला," ते म्हणाले.

मला तिन्ही भाषा येत होत्या. शेवटी काकूनंच खरकटा हात लांबवून बांधाकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं दगड बांधावर नेऊन ठेवले. ओळीनं, शाळेतली मुलं उभी करावीत तसे. आमचे अर्धगोलात मांडलेले असायचे. काकांनी ते पाहिलं, पण हात लावला नाही.

यंदाची कोप बांधावर झाली. लिंब गेला. निम्मं रान भरावापलीकडं आहे, आणि पलीकडं जायचं तर लांबच्या पुलाखालून, तिथल्या पाण्यातून. काका आंबील शिंपत निघाले. भरावाच्या पायथ्याशी थांबले, वर पाहिलं, आणि हातातल्या डहाळीनं चढावर थोडी आंबील उडवली. ती मुरमात लगेच जिरली.

मग ते आल्या वाटेनं परत आले. मी त्यांच्यासाठी ताट वाढलं.