ताटाच्या कडेला

आमच्या नातेवाइकांत माझी ख्याती अशी आहे, की या माणसाच्या जिभेचे चोचले पुरवता पुरवता बायको म्हातारी झाली. लग्नकार्यात पंगतीला बसलो की वाढणारी भाचेसून आधी विचारते, "मामा, कढीपत्ता काढून वाढू का?" मी मुकाट मान हलवतो. खरं तर कढीपत्ता मला लहानपणापासून आवडतो. फोडणीत कुरकुरीत झालेलं पान दाताखाली आलं की जेवण झाल्यासारखं वाटतं. पण हे घरात बोलायची सोयच राहिली नव्हती.

आम्ही मूळचे खानदेशातले. सुरतेजवळ उधन्यात मी साइझिंगमध्ये नोकरी केली. सूत मागावर चढण्याआधी त्याला खळ पाजतात, ती शिजवायचं काम माझ्याकडे होतं. आता घरी असतो आणि बायकोच्या मते सारखा मधे मधे येतो. मुलगी कडोदऱ्याला दिलेली. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, वर गच्ची. तळमजल्यावर एक गुजराती बेन राहतात, त्यांच्या दारातल्या कुंडीत कढीपत्त्याचं झाड आहे.

बायको काटकसरी. कचऱ्याच्या गाडीला आमच्या दारातून फारसं काही मिळत नाही. दुधीच्या सालांची चटणी होते, मुळ्याच्या पाल्याची भाजी होते, शिळी भाकरी ताकात कुस्करली जाते आणि कोथिंबिरीचे देठ आमटीत जातात. बाजारात जे स्वस्त आणि ताजं ते आमच्या ताटात, महाग झालं की ती म्हणते, "त्याचा मोसम गेला, आता त्यात काय चव?" या वयात आम्हा दोघांनाही मधुमेहाची गोळी लागली नाही, याचं श्रेय ती स्वतःकडे घेते आणि मी ते देऊन टाकलंय.

तिचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे निवडणं. चाळीत होतो तेव्हा शेजारणी आपापलं सूप घेऊन तिच्यापुढे बसायच्या. तांदळात खडा राहिला तर तिला तो स्वतःचा अपमान वाटायचा. "माझ्या हातचा घास डोळे मिटून खावा," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि ते खरंही होतं.

मग एक दिवस भातात खडा लागला. मी चिडका माणूस, आमटीत मीठ कमी पडलं तरी ताट सरकवणारा. तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात नजर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेली. ती रात्रीचे तांदूळ निवडत होती. ताट नाकापाशी धरलेलं, उजेडाकडे तिरकं केलेलं, आणि बोटाच्या टोकाने दाणा न् दाणा चाचपत होती. तिला दिसत नव्हतं. मी खडा काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि वर कढीपत्त्याचं पान सारलं.

"काय काढलं?" तिने विचारलं.

"कढीपत्ता. मला नाही आवडत."

"आत्ता कळलं होय इतक्या वर्षांनी?" ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून आमटीतून कढीपत्ता गेला. मग खडा लपवायला पान राहिलं नाही. भाकरीत केस निघाला, तेव्हा मी मोहरीचं नाव घेतलं. मोहरी गेली. पुढे खोबऱ्याचे तुकडे गेले, मग कोथिंबिरीचे देठ. तिची नजर जसजशी गढूळ झाली, तसतशी आमची आमटी बोडकी होत गेली. खाली बेन येता-जाता कढीपत्त्याची डहाळी पुढे करायच्या, "लो बेन, लीमडो," आणि ही म्हणायची, "नको हो, आमच्याकडे चालत नाही. यांचे नखरे." मी जिना चढत राहायचो.

मुलीला सगळं माहीत होतं. ती आली की तीही काहीतरी कडेला ठेवायची. "पप्पा, आईला सांगून टाका," असं तिने मला दोन-तीनदा बजावलं. मला ते जमलं नाही. डोळे दाखव, एवढं मात्र मी सारखं म्हणायचो. बसचा नंबर वाचता येत नाही, सुईत दोरा जात नाही, अशी कारणं देऊन. खड्याचं नाव काढलं नाही.

अखेर डॉक्टरांना डोळे दाखवून झाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पार पिकलेला. फार लांबवलंत तर नजर परत येईल याची खात्री देता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "करायला नाही कोण म्हणतंय? पण आत्ता नको." थंडीत पापडी आणि तूर स्वस्त, दाणे सोलून सुकवायचेत, मेथी वाळवायचीय, आवळे उकडायचेत. थंडी सरली, आता वर्षाचे गहू भरायचे, एरंडेल चोळून कोठीत टाकायचे. मग मिरची आणि मसाला, मग कैऱ्या. पावसात डोळा चिघळतो. पुढे नवरात्र, दिवाळी. वर्षाला बारा महिने असतात आणि त्यातला एकही तिच्या डोळ्याच्या वाट्याला येत नव्हता.

गेल्या वर्षीच्या कुरडया तिने अशाच अर्ध्या नजरेने केल्या. त्यात गव्हाची टरफलं राहिली होती, आणि वाळताना मिलच्या चिमण्यांची काजळी उडून बसली होती ती वेगळीच. तिने डबा भरला आणि म्हणाली, "बघा, कशा मोगऱ्यासारख्या झाल्यात." मी हो म्हणालो.

या चैत्रात ती गच्चीच्या जिन्यावर शेवटची पायरी चुकली. बेन खालून वर येत होत्या, त्यांनी धरलं म्हणून हाडं शाबूत राहिली. मी मात्र भडकलो. वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं, फक्त खड्यांचं सोडून. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "कुरडया तुम्ही कराल?"

आखाजी तोंडावर आली होती. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आम्हा खानदेशी माणसांना दिवाळीहून मोठी. लेकी माहेरी येतात, पितरांची घागर भरली जाते, आणि आमरसाच्या ताटात नवी कुरडई तळलेली लागते. "पोरीच्या पानात विकतची वाढणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही करणार असाल तर घ्या तारीख." मी होकार दिला आणि तिला विचार बदलायला वेळ मिळू नये म्हणून लगेच दवाखान्यात फोन लावला.

आधी उजवा डोळा घेतला, ऑपरेशन चांगलं झालं. काळा चष्मा लावून ती घरी आली. वाकायचं नाही, डोळ्याला हात लावायचा नाही, धूर आणि वाफेच्या जवळ फिरकायचं नाही, असा डॉक्टरांचा दम होता. आखाजीपर्यंत चूल माझी. मी खिचडी करायचो, मुलगी अधूनमधून डबा पाठवायची, आणि कोंड्याचीसुद्धा नासाडी होत नाही ना, हे ही खाटेवरून विचारायची. मोकळा वेळ साधून मी गेल्या वर्षीच्या कुरडयांचा डबा माळ्यावर गाद्यांच्या मागे सरकवला. तिच्या घरात जुनं आधी संपवायचं असा कायदा आहे. आखाजीला तिने तोच डबा आधी उघडला असता, आणि आता तिला त्यातली टरफलं दिसली असती.

कुरडयांचे गहू भिजले, रोज पाणी बदललं, मग वाटून पिळून चीक काढला. उरलेला चोथा फेकायच्या बेतात होतो, तर खाटेवरून आवाज आला, "त्याच्या भुसवड्या होतात. फेकाल तर याद राखा." रात्रभर चीक खाली बसला. सकाळी वरचं पाणी ओतून मी पातेलं गच्चीवर नेलं आणि चूल पेटवली. ती टाकीच्या सावलीत खुर्चीवर, वाऱ्याच्या उलट बाजूला. शेजारी बेन, तिला उठू न देण्याच्या कामावर.

मी तोऱ्यात होतो. जन्मभर खळ शिजवली, चीक तो काय, तोही पीठ न् पाणीच. "जरा हळू ओता," ती म्हणाली. "मला नको शिकवू," मी म्हणालो. एक गोष्ट मी विसरलो होतो, की कारखान्यात खळ ढवळायला यंत्र असतं आणि तापवायला नळीतून वाफ येते. इथे नुसता माझा हात होता आणि खाली लाकडं. मी उकळत्या पाण्यात अर्धा चीक भसकन ओतला आणि बघता बघता मुठीएवढ्या गुठळ्या झाल्या.

काळ्या चष्म्यातून तिला तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. "आवाज जड झालाय. गुठळ्या झाल्या ना? सरका, मी येते." आणि ती खुर्चीतून उठली. लाकडं ओली होती, धूर तिच्याच बाजूला वळलेला. बेननी खांदा धरला तरी ती दोन पावलं आलीच. कुरडया गेल्या खड्ड्यात, तो डोळा गेला तर मी काय करणार होतो?

"बस खाली," मी ओरडलो. मग मला माझ्याच आवाजाची लाज वाटली आणि हळू म्हणालो, "तू नुसतं सांग. तू सांगशील तसंच करतो."

ती बसली. मग तिने एकेक सांगितलं आणि मी हूं की चूं न करता केलं. लाकडं ओढून आच कमी केली. गुठळ्या पातेल्याच्या कडेवर दाबून फोडल्या, बोटं भाजली, पण थांबलो नाही. राहिलेला चीक बारीक धारेने सोडला आणि खांदा भरून येईपर्यंत घोटत राहिलो. "आता बुडबुडा कसा फुटतो?" "सावकाश." "मग झाला." चीक खरंच चकचकीत झाला होता. बेननी वाटीत घेतला, घरून आणलेलं तेल आणि मेथीचा मसाला वर घातला आणि म्हणाल्या, "आ तो अमारुं खीचू ज छे." त्यांचं खीचू तांदळाच्या पिठाचं असतं, पण मी वाद घातला नाही. आम्ही तिघांनी तो गरम गरम खाल्ला.

सोऱ्यातून पडलेल्या माझ्या कुरडया कुठे गोल, कुठे लांबट, काही तर चपलेच्या आकाराच्या. काजळी बसू नये म्हणून वर तिचं जुनं पातळ लुगडं ताणून बांधलं. दोन दिवसांत त्या वाळून पांढऱ्या खडखडीत झाल्या.

आखाजीला मुलगी सकाळीच आली. काळा चष्मा निघाला होता, डॉक्टरांनी चुलीपाशी जायला मोकळीक दिली होती. घागर भरून झाली आणि बायकोने विचारलं, "जुना कुरडयांचा डबा कुठंय? आधी तो संपवू."

"संपला," मी म्हणालो.

"कसा संपेल?" ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चौफेर बघू लागली. तिची नजर फडताळावरून माळ्यावर गेली. "गाद्यांच्या मागे काय चमकतंय?"

ऑपरेशनआधी तिला माळाच नीट दिसत नव्हता. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. डबा खाली आला. बायकोने एक कुरडई घेतली, खिडकीपाशी नेली आणि उलटसुलट केली. मग दुसरी, मग तिसरी. पुढे माझी एक वाकडीतिकडी पांढरी घेऊन तिच्या शेजारी धरली.

"या मी केल्यात?"

मी मान डोलावली.

"वर्षभर हेच खाल्लं तुम्ही?" मग तिचा चेहरा बदलला. "आणि भात? भातात खडे होते?"

"कधीमधी."

"पोरीलाही माहीत होतं?"

मुलगी हळूच म्हणाली, "आई, पप्पांनी बोलू दिलं नाही."

"म्हणजे ते ताटाच्या कडेला..." ती थांबली. "कढीपत्ता?"

"कढीपत्ता मला आवडतो," मी म्हणालो.

ती पाठ फिरवून ओट्याशी उभी राहिली. आता ही रडणार, असं मला वाटलं. सांगायला हवं होतं का? सांगितलं असतं तर डोळ्याचं ऑपरेशन लवकर झालं असतं, हेही खरंच. तिने पदराने तोंड पुसलं, नवा डोळा सांभाळून.

"खाली जा," ती मुलीला म्हणाली, "आणि बेनकडून कढीपत्ता आण. भरपूर आण."

त्या दिवशी आमटीला फोडणी बसली तेव्हा आवाज जिन्यापर्यंत गेला असेल. मोहरी तडतडली, खोबरं पडलं, कढीपत्त्याची मूठभर पानं चरचरली. जुन्या कुरडया तिने फेकल्या नाहीत. माझ्या समोर बसून एकेक मोडली, डाग काढून टाकले आणि उरलेलं तळलं. माझं ताट वाढलं, पण पुढे ठेवलं नाही. भात बोटाने पसरून ती पुन्हा एकदा वाकून पाहत राहिली. मग ताट सरकवलं आणि घरच्या अहिराणीत म्हणाली, "आते खा."

मी खाल्लं. एकेक पान चावून खाल्लं. ताटाच्या कडेला काही राहिलं नव्हतं, तरी जेवण संपेपर्यंत ती तिकडेच बघत होती.