दोन कॉलेजं आणि दोन गावांचे देव

मॅट्रिक पास झाल्यावर आठवडाभर मला धड जेवण गेलं नाही. कारण होतं दोन माहितीपुस्तकं. हेडमास्तरांनी पत्र पाठवून मागवून दिली होती. एक कोल्हापूरच्या आर्ट्‌स कॉलेजचं, दुसरं मुंबईच्या कॉलेजचं. मी ती इतक्यांदा चाळली की कोल्हापूरच्या पुस्तकाची टाचणी निसटली आणि मुंबईचं मुखपृष्ठ सुटं झालं.

कोल्हापूरला गाण्याचा वर्ग होता, तबला-पेटीसकट, आणि शिकवायला गुरुजी कॉलेजातच येत. मुंबईला एकांकिकांच्या स्पर्धा होत्या. त्या पुस्तकात एक फोटो होता. रंगमंचावर पाच जण, त्यांत दोघी मुली. खऱ्या मुली. आमच्या जत्रेतल्या दशावतारात सीता काय, द्रौपदी काय, सगळे मिशा काढलेले बाप्ये. त्यांचे संवाद मी लहानपणापासून ऐकून पाठ केले होते आणि गोठ्यात म्हशीला म्हणून दाखवले होते. म्हशीची कधी तक्रार आली नाही. त्या फोटोतल्या दोघींकडे मी परत परत बघायचे. हे असंही करता येतं, मुलीलाही करता येतं, हे मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. मी आनंदाने नुसती वेडी झाले होते.

बाबांचं कट्टा गावच्या बाजारात कापडाचं दुकान. कोल्हापूरचे व्यापारी त्यांच्या ओळखीचे, एस.टी.त सकाळी बसलं की संध्याकाळच्या आत कोल्हापूर, आणि गाणं म्हणजे शेवटी भजनच, त्यात वावगं काय? त्यांच्या लेखी प्रश्न मिटला होता. आईला मात्र मी फोटो दाखवला. तिने हात पुसून तो घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "बापाशीक नाटकाचा सांगू नको. मुंबयक मामा आसा, तितक्याच सांग."

तसं बघितलं तर बाबा दशावताराचे पक्के वेडे. पहाटेपर्यंत जत्रेत बसायचे आणि दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकासमोर पेंगायचे. पण बाप्याने केलेल्या द्रौपदीसाठी डोळे पुसणं वेगळं आणि स्वतःच्या मुलीने तोंडाला रंग लावणं वेगळं. ते मलाही ठाऊक होतं. म्हणून मी आईचं ऐकलं.

मग आई-बाबा दोघांनीही तेच केलं, जे आमच्याकडे कोणीही करतं. देवाला कौल लावला. देवाच्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. बाबांनी सोमवारी आमच्या ग्रामदेवाला कोल्हापूरचं विचारलं, उजवी पडली. आई त्याच दिवशी माहेरी देवबागला गेली आणि तिथल्या देवाला मुंबईचं विचारून आली. तिथेही उजवीच पडली. एकमेकांना दोघांनी पत्ता लागू दिला नव्हता. संध्याकाळी पानावर बसल्यावर सगळं उघड झालं.

"देवबागच्या देवान देवबागचा बघूचा," बाबा म्हणाले.

"माझ्या म्हायारच्या देवाक नावा ठेवू नकात," आई म्हणाली, आणि त्यांना कढी वाढलीच नाही.

दोन दिवसांत वाडीभर झालं. विहिरीवर बायका मला बघून पदरात हसायच्या. "काय गो, खंयचो देव जिंकलो?" प्रवेशाची मुदत शनिवारी संपत होती आणि माझे दोन देव एकमेकांचं ऐकायला तयार नव्हते. मी चिडले, रडले, त्या बिचाऱ्या म्हशीवरही ओरडले. शेवटी गुरुवारी बाबा आम्हा दोघींना घेऊन देवळात गेले.

म्हाताऱ्या गुरवकाकांनी सगळं ऐकून घेतलं. "देव भांडणत नाय," ते म्हणाले. "विचारणाऱ्यांनीच अर्धा विचारल्यानी असतला. ज्या चेडवाक जावचा आसा, तेकाच बोलांदेत." मग माझ्याकडे वळले. "आणि खरा सांग गो. हयसर अर्धा चलाचा नाय."

चेडवाने, म्हणजे मुलीने, गाऱ्हाणं घातल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. पण ते मला तोंडपाठ होतं, आणि खोटं कशाला सांगू, उभी राहिले तेव्हा भीतीपेक्षा मजाच जास्त वाटत होती. मी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा!" सभामंडपात बसलेल्या आठ-दहा जणांनी सवयीने जोड दिली, "व्हय म्हाराजा!" माका शिकूचा आसा. व्हय म्हाराजा. माका मुंबयक जावचा आसा. व्हय म्हाराजा. मागून आईने माझा पदर ओढला. पण देवासमोर आता अर्धं ठेवणं शक्य नव्हतं.

"माका नाटकात काम करूचा आसा."

कोणी जोड दिली नाही. बाबा खाली बघत होते. गुरवकाकांनी क्षणभर वाट पाहिली आणि पाकळ्या लावल्या. मी उजव्या पाकळीकडे बघत राहिले. डावी पडली.

आईचा हात माझ्या पदरावरून सुटला. मला रडूही आलं नाही. कोल्हापूर तर कोल्हापूर, गाणं काय वाईट, असं मी मनाशी म्हणायला लागले होते, तेवढ्यात बाबा पुढे आले. विहीर कुठे खणायची, दुकान कधी उघडायचं, सगळं त्यांनी या पाकळ्यांवर ठरवलेलं, आणि एका गोष्टीसाठी देवाला दोनदा त्यांनी जन्मात विचारलं नव्हतं.

"वाऱ्यान पडली," ते म्हणाले. "परत लावा."

गाभाऱ्यात वारा नव्हता. गुरवकाकांनी नवी पाकळी भिजवली. मी गाऱ्हाण्यासाठी तोंड उघडलं, पण बाबांनी हाताने मला थांबवलं आणि स्वतः हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," ते म्हणाले, "माझ्या चेडवाक नाटकात काम करूचा आसा."

या वेळी सगळ्यांनी जोड दिली.