चिंधी सोडायची राहिली

माझी आई रेवदंड्याच्या बंदरावर मासळी घ्यायची आणि अलिबागच्या बाजारात विकायची. सगळ्या बायकांच्या टोपल्या सारख्याच, म्हणून प्रत्येकीनं टोपलीला बांधलेल्या चिंधीचा रंग ठरलेला. आईची निळी. रिक्षावाला बाजारात पोचला की कुणाला काही विचारत नसे. निळी चिंधी दिसली की टोपली आईच्या जागेवर उतरवायची, एवढंच त्याला ठाऊक. आईचा एक दंडक होता: उसनी टोपली आणलीस तर आधी तिची चिंधी सोड, मग मासळी भर. शाळेत असल्यापासून मी हे ऐकत आले, आणि चांगली शिकूनसवरून नेमकं तेच विसरले.

मी सॉफ्टवेअर लिहिते. कंपनी नवी मुंबईला आणि मी रेवदंड्यात, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. आमच्या कामात ॲनोटेशन नावाचा प्रकार असतो, ती चिंधीच म्हणा. प्रोग्रामच्या एका भागाला दुसऱ्याची गरज असली तर त्यानं शोधत फिरायचं नाही. ‘मला निरोप पाठवणारा हवा’ अशी खूण स्वतःवर लावून बसायचं. बाकीचं फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रामचा तयार सांगाडा, बघतं, हवा तो निरोप्या आणून हातात देतं. याला डिपेन्डन्सी इंजेक्शन म्हणतात. नाव भारदस्त, काम रिक्षावाल्याचं. तेही चिंधीच बघतं, टोपलीत डोकावत नाही.

गावच्या मच्छीमार संस्थेला मी हौसेनं एक प्रोग्राम लिहून दिला होता. वादळाचा इशारा आला की संस्थेच्या कारकुनानं तो टाइप करून बटन दाबायचं, की सगळ्या बोटींच्या तांडेलांना आणि त्यांच्या घरी मेसेज जायचा. हे कारकून म्हणजे माझ्या वडिलांचे शाळेतले सोबती, मी त्यांना काका म्हणते. प्रोग्राम येण्याआधी ते एकेका घरी फोन लावायचे आणि प्रत्येक घराची खुशाली विचारत बसायचे. उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांच्या खिशात मेसेज वाजले, टाळ्या पडल्या आणि मी सगळ्या कमिटीसमोर हसत म्हणाले, “काका, आता फोन बंद. यंत्रावर विश्वास ठेवा.”

काकांनी ठेवला.

पंधरा दिवसांनी मी त्यात एक किरकोळ दुरुस्ती करायला बसले. करून बघताना गावभर खोट्या वादळाचे मेसेज जायला नकोत, म्हणून एक खोटा निरोप्या लिहिला. तो काहीच पाठवत नाही, फक्त ‘पाठवला’ म्हणतो. पण निरोपे दोन झाले की कुठला द्यायचा हे फ्रेमवर्कला कळत नाही, ते अडून बसतं. मग खोट्याच्या डोक्यावर मी ‘प्रायमरी’ हे ॲनोटेशन लावलं. दोघांत हाच पहिला. काम झालं, प्रोग्राम संस्थेच्या कॉम्प्युटरवर चढवला, चहा केला. खोट्याची चिंधी तशीच राहिली.

ऑक्टोबरात एका सकाळी इशारा आला. काकांनी बटन दाबलं. पडद्यावर ‘पाठवला’ आलं. दुपारी वारा उठला तेव्हा बोटी बाहेरच होत्या. त्या परत आल्या, सगळ्या आल्या, पण खाडीच्या तोंडाशी दोन बोटी एकमेकींवर आदळल्या आणि मधे एका खलाशाचा हात सापडला. हात राहिला, पण त्याची बोटं आता मिटत नाहीत. जाळं ओढणाऱ्या माणसाची.

तीन वाजता मी लॅपटॉप उघडला. चूक सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. एक शब्द खोडला, प्रोग्राम पुन्हा चढवला. पाच वाजता संस्थेत बैठक होती. तिथं सगळं सांगायचं असं ठरवूनच मी घरातून निघाले होते, हे खरं आहे, पण त्याचा कुणाला काय उपयोग.

अध्यक्षांनी काकांना विचारलं, “बटन दाबलास का?”

“दाबला ना. पाठवला म्हणून आला.”

“मंग गेला कसा न्हाय?”

मागून कुणीतरी म्हणालं, वय झालंय, नीट दाबलं गेलं नसेल. सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या खलाशाची बायको दाराशी उभी होती. मी म्हणाले, “कधी कधी होतं तसं. बटन पूर्ण दाबलं जात नाही.”

चोर सोडून संन्याशाला फाशी. मला वाटलं होतं, काका भांडतील, मग मला खरं बोलावंच लागेल. ते भांडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वही घेऊन आमच्या ओटीवर आले. म्हणाले, “बाय, माझा कुठं चुकला ता सांग. लिवून घेतो.”

तेव्हाही वेळ गेली नव्हती. मी त्यांना चहा दिला आणि पायऱ्या रचून सांगितल्या. बटन दाबून धरायचं. दहा आकडे मोजायचे. मग पुन्हा एकदा दाबायचं. यातल्या एकाही गोष्टीची गरज नव्हती. काका ठळक अक्षरात लिहीत होते आणि मधेमधे विचारत होते, “धा व्हय?” मी म्हणत होते, हो, दहा. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी तोंडातून खोटंच येत राहिलं.

तो कागद आता प्लॅस्टिकमध्ये घालून संस्थेच्या भिंतीवर लावलाय.

गेल्या महिन्यात आईच्या दाखल्यासाठी मी तिथं गेले, तेव्हाच इशारा आला. काकांनी चष्मा लावला, कागद बघितला, बटन दाबून धरलं. एक ते दहा मोठ्यानं मोजलं. पुन्हा दाबलं. त्या ऑक्टोबरनंतर मी मेसेजच्या यादीत माझाही नंबर घातला होता; माझ्या खिशात मेसेज वाजला. मग त्यांनी हळूच खणातून जुनी फोनची यादी काढली, आणि मी बघतेय हे लक्षात येताच ती वहीखाली सरकवली. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा पडला.

“राग मानू नको, बाय,” ते म्हणाले. “माझ्या हातावर माझाच भरोसा न्हाय आता.”

मी म्हणाले, “करा काका, फोन करा.” त्यापुढचं वाक्य तोंडात आलं होतं. ते बाहेर पडलं नाही.

त्यांनी यादी काढली आणि पहिला फोन त्या खलाशाच्या घरी लावला. आता त्या घरातून कुणी दर्यात जात नाही.