खालाची रोमन भट्टी

आमची खाला शादलिया, म्हणजे माझी सख्खी मावशी, रोमन देवळात जन्मलेली बाई आहे. थट्टा नाही. तेव्हा आमचं अर्धं गाव त्या पडक्या खांबांतच राहायचं. देवळाला टेकून गोठे, रोमनांच्या न्यायालयात कोंबड्या. मग सरकारनं सगळ्यांना उठवलं आणि टेकडीखाली नवी घरं दिली. खाला तेव्हा नऊ वर्षांची होती. आज सत्तरी उलटली तरी तिचा राग उतरलेला नाही.

मी आता त्या अवशेषांवरचा गाईड. त्यामुळे तिकीटखिडकीवरचं तिचं भांडण मला तोंडपाठ आहे.

"माझ्याच घरात जायला तिकीट? तू तुझ्या आईकडे तिकीट काढून जातोस का रे?"

गेटवरचा हेदी आता ती लांबून दिसली, की खुर्चीसकट पाठ फिरवतो.

देवळामागच्या कोपऱ्यात रोटीची मातीची भट्टी आहे. ती माझ्या आजीची, खमीसाची, हे मला पक्कं ठाऊक. पण कोण्या शहाण्यानं तिथं 'रोमन भट्टी' अशी पाटी लावून ठेवलेली. आता मी पाटीपेक्षा शहाणा थोडाच? भट्टीच्या काठावर लहान मुलीचा पंजा उमटलाय. तो दाखवून मी म्हणायचो, "दोन हजार वर्षांपूर्वीच्या गुलाम पोरीचा हात!" बायका डोळे पुसायच्या. पोट आहे बाबा, काय करणार!

एका शुक्रवारी इटलीच्या पाहुण्यांना हेच सांगत होतो आणि मागे खाला उभी.

"मेल्या तिजानी! गुलाम कोणाला म्हणतोस? माझा हात आहे तो! माती ओली असताना हात टेकवला, म्हणून आईनं मुस्काटात भडकावली होती!"

दोरी ओलांडून ती सरळ भट्टीपाशी गेली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग.

घरी येऊन तिनं मला धारेवर धरलं. "आम्हाला उठवेपर्यंत आई तिथंच रोट्या भाजत राबली. तिच्या कबरीवरचा दगडसुद्धा पुरात गेला. कुठं म्हणून तिचं नाव नाही. त्या पाटीवर खमीसा असं लिहवून आण, नाहीतर माझ्या घरचं कुसकुसचं जेवण तुला बंद!"

मी मुकाट्यानं अर्ज केला. चार महिन्यांनी राजधानीहून पुरातत्त्व खात्याच्या एक मॅडम आल्या, टेप आणि वही घेऊन. खाला बाहेर जाताना अंगावर घ्यायची नवी चादर पांघरून हजर. भट्टी कशी लिंपली, माती कुठल्या ओढ्याची, सगळं तिनं सांगितलं. मॅडम खूश झाल्या आणि वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं मानानं तिला हाज्जा म्हणाल्या.

"म्हणजे ही रोमन नाहीच! बरं झालं सांगितलंत, हाज्जा. नंतरची बांधकामं आम्ही काढतोच आहोत. सोमवारी माणसं पाठवते, हीसुद्धा काढून टाकतील."

खाला मटकन खाली बसली. अर्ज करणाऱ्या माझ्या हाताचा मला संताप आला.

मग ती उठली. चादर सारखी केली.

"मॅडम, म्हातारीचं काय ऐकता? भट्टी रोमनच आहे."

"आत्ताच म्हणालात ना, आईनं बांधली?"

"बांधलीच. आई रोमन होती."

"अहो हाज्जा, रोमन लोक जाऊन किती शतकं..."

"तुम्ही पाहिलं होतं का माझ्या आईला? नाही ना? मी पाहिलंय. लिहा."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "गाईड, तुम्ही सांगा."

गाईडचा परवाना खिशात होता. खोटं बोललो तर तो जाणार, हे दिसतच होतं. मी म्हणालो, "मॅडम, आजी फारच जुन्या वळणाची होती."

मॅडमना हसू आवरेना. त्यांनी भट्टीकडे एकदा पाहिलं. मग वही उघडली.

"'काळ अनिश्चित' असं लिहिते. म्हणजे कोणी हात लावणार नाही. आणि पाटीसाठी आईचं नाव काय म्हणालात?"

"खमीसा," खाला म्हणाली. मग पुन्हा एकदा सांगितलं, बापाच्या नावासकट, आणि सांगता सांगता तिला रडू फुटलं.