ताईनं मला कधीच विचारलं नाही

ताई गेली त्याच्या चार दिवस आधी मी वर्ध्याहून तिला भेटायला गेले होते. तिचं बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. हातानंच तिनं सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं, मला खाटेजवळ बसवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी घाबरून औषधांच्या वेळा सांगत सुटले... थोड्या वेळानं तिनं डोळे मिटले. महिना होत आला, ती नजर काही माझी पाठ सोडत नाही.

ताई माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. गिरडच्या पलीकडल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवायची, आणि आई गेल्यापासून मी तिच्याजवळच वाढले. घरात ताई, शाळेत बाई. वर्गात चुकून ‘ताई’ म्हटलं, तर तिला ऐकूच यायचं नाही. बाकीचे गुरुजी ‘काऊन केलं?’ म्हणून कान पिळायचे. ताई उलट ज्यानं खोडी केली नाही, त्यालाच उभं करायची. ‘बोरं नाई तोडली तू. काऊन?’ लहान पोरं म्हणायची, मार बसला असता. चौथीतल्या मुली म्हणायच्या, तुम्ही शाबास म्हणता ना बाई! एकदा एकजण म्हणाली, ‘मालक झाडाखालीच बसला होता,’ तेव्हा ताई पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, ‘कोनी पाहून नाई राह्यलं, तरी जो थांबला, तो मोठा झाला.’

मी चौथीत असताना शाळेचा एकुलता एक पृथ्वीगोल माझ्या हातून फुटला. मधली सुट्टी होती, वर्गात कोणी नव्हतं. त्या दिवशी झाडायची पाळी माझ्याच वर्गातल्या सुमनची होती, म्हणून आळ तिच्यावर आला. ती रडून रडून ‘मी नाई फोडला’ म्हणत राहिली आणि मी पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले. दुसऱ्या दिवसापासून बापानं तिची शाळा बंद केली, कापूस वेचायला नेलं.

तेव्हा मी छडीच्या भीतीनं गप्प बसले. पंधराव्या वर्षी गप्प राहिले, कारण गाव मला बाईंची गुणाची बहीण म्हणायचं. नोकरी लागल्यावर मनाला समजावलं, की लहानपणच्या चुकीला कुठला कायदा लागतो! आज मी स्वतः मुख्याध्यापिका आहे, दर शनिवारी मुलांना खरेपणावर ऐकवते. वय वाढलं तशी कारणं तेवढी शहाणी होत गेली. लाज वाटते.

ताईची तेरवी झाली आणि मी सुमनच्या घरी गेले. ती अंगणात तुरी पाखडत होती. उभ्याउभ्याच सांगून टाकलं. तिचं पाखडणं थांबलं नाही.

‘माहीत हाये मले,’ ती म्हणाली. ‘बाई तवाच घरी आल्त्या. तुह्या फ्रॉकात तुकडा सापडला होता त्यायले. माह्या बाबाले लय इनवलं, पोरीले शाळेत धाडा म्हने. बाबा म्हने, तुमच्या बहिनीनं गावापुढं सांगावं, मंग धाडतो.’

‘मंग मले काऊन नाई म्हनलं तिनं?’

‘मी बी तेच इचारलं. तं म्हने, धाकानं वदवलेलं कामाचं नाई, तिच्या मनातून याले पायजे. तू थांबजो, सुमन.’ तिनं सूप खाली ठेवलं. ‘थांबली मी. एक वर्स, दोन वर्सं... मंग शाळेचं वयच निघून गेलं. बाई तुह्यासाठी थांबल्या. माह्यासाठी नाई.’

मला ताईचा राग आला. ती गेल्यापासून पहिल्यांदा रडले, तेही त्या रागानंच. एवढी वर्षं ती माझ्या मोठं होण्याची वाट बघत राहिली, आणि भोगलं सुमननं. आता सुमनचा बाप नाही, गावही विसरलं. तरी गावापुढं सांगायचं ते इथं सांगते : पृथ्वीगोल मी फोडला. हे पान छापून आलं की सुमनला नेऊन देणार आहे. वाचून दाखवीन म्हटलं, तर ‘मले येते वाचता’ म्हणाली. ओळीखाली बोट धरून, एकेक अक्षर लावत वाचते ती... ताईनं शिकवलं तेवढं, चौथीपर्यंतचं.