मागे ओतलेले पाणी

ऑक्टोबर २००७. एटोबिकोतल्या आमच्या इमारतीतून सेनाद आणि मी विमानतळाकडे निघालो, तेव्हा त्याच्या आईने, हातिजाबाईंनी, आमच्या मागे तांब्याभर पाणी ओतले. पाण्यासारखे विनाअडथळा जावे आणि परत यावे, अशी बोस्नियातली समजूत. अंगण नसल्याने पाणी कॉरिडॉरच्या कार्पेटवर पडले.

"येईपर्यंत सुपरिंटेंडंटची नोटीस दारावर असेल," लिफ्टमध्ये सेनाद म्हणाला.

सेनाद माझा शेजारी. बोस्नियातल्या युद्धात आईला घेऊन तो ड्रिना नदीकाठचे आपले गाव सोडून कॅनडात आला. वडील त्याआधीच वारले होते. गावातल्या जुन्या ऑटोमन मशिदीच्या मेझारात (कबरस्तानात) त्यांना पुरले होते. आता हातिजाबाई थकल्या होत्या आणि त्यांना नवऱ्याशेजारी जागा हवी होती. युद्धात पाडलेली मशीद पुन्हा उभी राहिली, असे एका नातेवाइकाने फोनवर सांगितले होते. ते खरे की खोटे, हे सेनादला पाहायचे होते. मला मशिदीचा इतिहास हवा होता. सुट्टी शिल्लक होती, म्हणून मी बरोबर गेलो.

सारायेव्होहून भाड्याच्या गाडीने निघालो. पाऊस होता, दरीत धुके. वाटेत बुरेक (खिमा भरलेली खमंग गुंडाळी) आणि कडक कॉफी घेतली. सेनादने बुरेकला हात लावला नाही.

गावात मशीद नव्हती. पत्र्याच्या कुंपणाआड चौकोनी पाया, मिनाराचा बुंधा आणि प्लास्टिकखाली रचलेले कोरीव दगड होते. राखणदार मिर्झा युद्धानंतर गावात परतलेल्या थोड्या मुस्लिमांपैकी एक. तो सांगत होता, सेनाद इंग्रजीत मला सांगत होता. चारशेहून अधिक वर्षांपूर्वी इथल्या ऑटोमन अधिकाऱ्याने मशीद बांधली. एक घुमट, पुढे खांबांची ओसरी, आत भिंतींवर रंगीत वेली. युद्धात ती सुरुंगाने उडवली. दगड काही नदीत गेले, काही कचऱ्यात. आता सापडतील तसे ते इथे आणून ठेवतात. बांधकाम कधी सुरू होईल, ते त्याला माहीत नव्हते.

"आईला तर बांधून झाली म्हणून सांगितलंय," सेनाद म्हणाला.

"बाहेर गेलेल्या म्हाताऱ्यांना सगळे तेच सांगतात," मिर्झा म्हणाला.

मेझारावर डांबर घातले होते. तिथे गाड्या लागत. सेनाद एका पांढऱ्या व्हॅनजवळ बराच वेळ उभा राहिला. व्हॅनवाला आला, तेव्हा तो बाजूला सरकला. त्या माणसाने हात वर करून आभार मानले आणि गाडी मागे घेतली.

रस्त्यापलीकडे एक म्हातारी बादली घेऊन पायऱ्या धूत होती. ती मिलित्सा, पूर्वीची सर्ब शेजारीण. रोज आईबरोबर कॉफी प्यायची, असे सेनाद गाडीत बसताना म्हणाला. त्याने काच खाली केली. तिने आमच्याकडे पाहिले, बादली उचलली, आत गेली आणि दार लावले. बादलीत पाणी होते.

परतीच्या विमानात सेनादने एक वाक्य तयार केले: काम चालू आहे, वेळ लागेल. तेवढेच सांगायचे ठरले.

घरी हातिजाबाईंनी टेबलावर सूप ठेवले. सेनादने वाक्य म्हटले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले आणि मशिदीबद्दल काही विचारले नाही. त्यांनी दुसरेच विचारले. त्यातला 'वोदा' (पाणी) एवढाच शब्द मला कळला. बाकीचे सेनादने नंतर सांगितले.

"गावातून निघताना तुमच्या मागे पाणी कुणी ओतलं?"

सेनादने माझ्याकडे पाहिले. या प्रश्नाचे उत्तर आम्ही ठरवले नव्हते.

"कुणी नाही," तो म्हणाला.

चारशे वर्षांच्या इमारतीची माहिती मी टिपून आणली होती. ती कुणी मागितली नाही. हातिजाबाईंनी आमच्या ताटल्यांत पाव वाढला, खिडकीबाहेर पाहिले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मग इथेच जागा बघ. जमीन गोठायच्या आत."