गुंजनची लाथ

आमच्या कोराडीच्या कॉलनीत सुभद्राकाकूंच्या घरून रिकामी वाटी कधी कोणाकडे परत गेलेली नाही. तुम्ही विरजण दिलंत, तर त्या वाटीतून वांग्याची भाजी येणार. वांगी दिलीत, तर सांडगे. घरात काहीच नसलं तर काकू तळाला साखर टाकून पाठवतात. सकाळी आलेली वाटी संध्याकाळपर्यंत आपल्या ओट्यावर राहिली तर त्यांना अवघडल्यासारखं होतं.

लॉकडाऊनमध्ये पियुषनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, त्यांना मोबाइल घेऊन दिला. त्यावर पहिला मेसेज आला तेव्हा काकूंनी तोही वाटीसारखाच हाताळला. आला, की पाठवला. ठेवून घ्यायचा नाही. सकाळी फुलांच्या परडीसोबत सुप्रभात, दुपारी अननसाच्या गरम पाण्यानं बरे होणारे रोग, संध्याकाळी सरकार आपल्यापासून काय लपवून राहिलं आहे ते. पदरानं स्क्रीनवरची राख पुसायची (आमच्याकडे वीज केंद्राच्या प्लांटची राख कशावरही बसते, तुळशीवर, वाळत घातलेल्या पापडांवर, मोबाइलवर) आणि पाठवून द्यायचं. वाचायला नंतर वेळ असतोच.

त्यांचे यजमान मनोहरराव वीज केंद्रातून निवृत्त झालेले. पियुष तिथंच शिफ्टला जातो. लशीनं अंगात लोहचुंबक तयार होतं असा मेसेज आला, त्याच दुपारी मनोहरराव करोनाची लस टोचून घरी आले. मे महिना होता आणि साऱ्या विदर्भाला वीज देणाऱ्या आमच्या कॉलनीत लाइट गेलेली होती. काकूंनी नवऱ्याला बनियनवर पलंगावर बसवलं आणि दंडाला चमचा लावला. चमचा चिकटला.

"अवं, घामानं चिकटला तो," मनोहरराव म्हणाले. "दुसऱ्या दंडाले लावून पाहा नं. तिकडं तं टोचलं नाही."

काकूंनी दुसऱ्या दंडाला लावला. तिथंही चिकटला.

"अरे बाप्पा!" काकू ओरडल्या. "अंगभर पसरलं!"

अर्ध्या तासात लाइनीतल्या बायका आपापले चमचे घेऊन हजर. समोरच्या सिंधूताईंनी तर झारा आणला होता. मनोहरराव डोळे मिटून बसून होते. शेवटी म्हणाले, "मी काय फ्रिज हो का, जो येते तो चिकटवून जाते?" पुढे लाइट आली, पंखा फिरला, घाम वाळला आणि चमचे एकेक करून खाली पडले. ते मात्र काकूंनी कोणाला कळवलं नाही. चमचा पडला, यात कळवण्यासारखं काय होतं?

ही सगळी गंमत होती तोवर गंमतच होती. मग गुंजन झाली.

पियुष आणि मिनलची ही पहिली मुलगी. मिनल नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात काउंटरवर बसायची, बाळंतपणासाठी रजेवर होती. काकूंनी आपल्या जांभळ्या लुगड्याचं दुपटं शिवलं. एका कोपऱ्यात कापड कमी पडलं, तिथं पिवळं ठिगळ लावलं. मनोहररावांनी तान्ह्या पोळ्यासाठी आतापासूनच लाकडी बैल करून आणला, चाकं लावलेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडचे पोट्टे असे बैल सजवून दारोदार नेतात आणि लोक त्यांना खाऊ देतात. त्याला बोजारा म्हणतात. गुंजनला अजून मान धरता येत नव्हती, पण तिचा बैल दिवाणखान्यात टीव्हीखाली तयार उभा होता.

दीड महिन्याची झाली तेव्हा समाजभवनात तिला टोचून आणलं. दोन्ही मांड्यांना सुया. संध्याकाळी ताप चढला, पोरगी चिरचिरू लागली आणि पाय हलवेना. नर्सबाईंनी आधीच सांगितलं होतं, ताप येईल, पाय दुखतील, हे औषध द्या, ओल्या फडक्यानं पुसा. मिनलनं तसंच केलं. काकूंनी मात्र नातीच्या पायांचा फोटो काढला आणि कळमेश्वरला धाकट्या बहिणीला, देवकीला, बोलून मेसेज पाठवला: "देवके, पोरीले दोन्ही मांड्यांले टोचलं वं. पाय हालवून नाही राहिली. माह्या जिवाचं पाणी पाणी झालं."

सकाळी ताप उतरला होता. गुंजननं पहिली लाथ मारली ती तेलाच्या वाटीला. काकूंनी हसत हसत फरशी पुसली. पण मनात गाठ बसली ती बसलीच.

"मिनल, आता पुरे," महिन्याभरानं पुढचा डोस जवळ आला तशा त्या म्हणाल्या. "पुढची सुई नाही. माह्या घरातल्या लेकराले मी आता टोचू देणार नाही."

"आई, अडीच महिन्याचा डोस आहे. चुकवता येत नाही."

"मेसेज पाहिले नाही का तू? काय काय होऊन राहिलं लेकरांले!"

"तुमचे मेसेज पाहत बसली तर लेकराले दूध कधी पाजू?"

"पाज नं. दूध पाज. सुई कायले?"

मिनल वाद घालणाऱ्यांतली नाही. ती कपाटातून बॅग काढते. "ठीक आहे. मी उमरेडला जाते आईकडे. डोस तिकडेच देते. पोळ्यानंतर पाहू परत यायचं."

पियुष शिफ्टवरून आला, दोघींची तोंडं पाहिली आणि आंघोळीला गेला. तो बराच वेळ आंघोळ करत होता. मनोहररावांनी टीव्हीखालचा बैल उचलला, त्याच्यावरची राख पुसली आणि पुन्हा खाली ठेवला. बैलाला चाकं होती, पण तो ओढणार कोणासाठी? रागानं काकूंनी भाजीत दोनदा मीठ टाकलं.

उमरेडची बस परवाची ठरली. दुसऱ्या दिवशी दुपारी काकू करंज्या तळत होत्या. सुनेवर राग असला तरी सून माहेरी रिकाम्या हातानं जाऊ द्यायची नव्हती. ओट्यावर मोबाइल वाजला. कळमेश्वरच्या भजनी मंडळाचा मेसेज. काकूंनी कोपरानं, मग करंगळीनं, सगळ्या ग्रुपवर पाठवून दिला. कॉलनीच्या महिला मंडळाला, माहेरच्यांना, शाळेतल्या मैत्रिणींना, गॅस सिलिंडरवाल्याला. घाणा उतरला, हात पुसले आणि चष्मा लावून वाचायला बसल्या.

"कोराडी येथे लस टोचताच चिमुकलीचे दोन्ही पाय कायमचे निकामी. डॉक्टर गप्प. हा मेसेज पुसला जाण्याआधी सर्वांना पाठवा."

"अरे देवा," काकू म्हणाल्या. "आपल्या कोराडीतली? कोणाची असन?"

खाली फोटो होता. दोन इवलेसे पाय. जांभळं दुपटं. कोपऱ्यात पिवळं ठिगळ.

काकू उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. जांभळ्या दुपट्यावर, पिवळ्या ठिगळाच्या बाजूला, गुंजन दोन्ही पायांनी पंख्याला लाथा घालत होती.

"मिनल!" काकूंनी हाक मारली. "ये मिनल! इकडं ये वं लवकर!"

मिनल धावत आली. मेसेज वाचला. तिनं सासूकडे पाहिलं, मेसेजवरच्या "पाठवला" या खुणेकडे पाहिलं आणि खाली बसली. काकूंना आधी वाटलं रडते आहे. पण तिला हसू आवरत नव्हतं.

"आई, तुम्ही स्वतःच्या नातीचे पाय घालवले! आणि पुढं पण पाठवलं!"

"हाताले पीठ होतं," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात फोन आला. मागच्या लाइनीतली दामिनी. तिचा मुलगा गुंजनच्याच आगेमागे झालेला. "काकू, तुमचा मेसेज पाहिला. मी तं थरथर कापून राहिली. बुधवारी याले डोस होता, आता नाही नेत. बरं केलं तुम्ही सांगितलं." आणि काकू "अवं, ऐक" म्हणेपर्यंत फोन ठेवलाही.

मग देवकी आली. कळमेश्वरहून बस बदलत, हातात केळी, डोळ्यांत पाणी, मागे एक जाऊ सोबतीला. दारातूनच तिनं सूर लावला. "अक्का वं! कसं झालं वं लेकराचं! पाय गेले वं पोरीचे!"

तिनं गुंजनला उचलून छातीशी धरलं. गुंजननं उजवा पाय मागे घेतला आणि देवकीच्या नाकावर दिला. चष्मा केळ्यांत जाऊन पडला.

मनोहरराव म्हणाले, "देवकीबाई, डावा पायही पाहून घ्या. तोही तसाच आहे."

चष्मा सापडल्यावर देवकी चिडली. "अक्का, तूच तं म्हटलं होतं, पाय हालवून नाही राहिली! मी भजनात सांगितलं, फोटो पाठवला, बायांले काळजी वाटली, त्याईनं पुढं सांगितलं. माहा काय गुन्हा?"

"अवं, ते त्या संध्याकाळचं होतं! सकाळी बरी झाली!"

"मंग सकाळी काहून नाही कळवलं?"

काकूंनी देवकीचा चष्मा पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "बरी झाली, ते कोणी कळवते का?"

संध्याकाळी त्यांनी मेसेज पुसायचा प्रयत्न केला. पुसला गेला नाही. मग "हे खोटं आहे, पोरगी ठणठणीत आहे" असं सगळीकडे लिहिलं. कोणी पुढे पाठवलं नाही. सिलिंडरवाल्यानं फक्त अंगठ्याचं चित्र पाठवलं. आणि मेसेज तिकडून फिरत फिरत पुन्हा महिला मंडळात आला, या वेळी त्यात पायांसोबत एक डोळाही गेला होता.

काकू उठल्या. डबाभर करंज्या घेतल्या, त्या मिनलच्या हातात दिल्या. गुंजनला दुपट्यात गुंडाळलं, पाय तेवढे मुद्दाम बाहेर ठेवले. "चाल माह्यासंगं," त्या म्हणाल्या.

पहिलं दार सिंधूताईंचं. "घे करंजी," काकू म्हणाल्या, "अन् इकडं ये. लाथ खा."

"काय खाऊ?"

"लाथ. पोरीचे पाय गेले म्हणून सांगत फिरून राहिली नं तू? ये, गाल पुढं कर."

सिंधूताईंनी गाल पुढे केला. लाथ बसली. त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारचे दोन दरवाजे आपोआप उघडले. मग काय, मागे पोट्टे लागले. "काकू, आमच्या घरी! मले पण!" प्रत्येक दारात एक करंजी आणि एक लाथ. मिनल डबा धरून मागे मागे. सासूनं आपल्याला सोबत का आणलं आहे हे तिला अजून नीट कळलं नव्हतं.

दामिनीच्या दारात मात्र कोणी हसलं नाही. दामिनीनं करंजी घेतली, गुंजनचा पाय हातात धरला, गुडघ्यातून वाकवून पाहिला. तिचा मुलगा आत झोपला होता.

"बरे आहेत पाय," ती म्हणाली. मग काकूंकडे पाहिलं. "काकू, मंग गुंजनचा पुढचा डोस?"

मिनल डब्याच्या झाकणाकडे पाहत राहिली. तिची बॅग घरी भरून ठेवलेली होती.

काकूंनी गुंजनला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. चमचे पडले तेव्हा त्यांना काही बोलावंसं वाटलं नव्हतं, ताप उतरला तेव्हाही नाही. आता दामिनी उत्तरासाठी उभी होती आणि तिला साखर देऊन वाटेला लावता येत नव्हतं.

"बुधवारी," काकू म्हणाल्या. "समाजभवनात. मीच घेऊन जाते हिले. तू तुह्याले घेऊन ये. अन् ताप येईन बरं. लेकरू रडन. मले विचार, मी सांगते काय करायचं."

"आई, उमरेड?" मिनलनं हळूच विचारलं.

"पोळा झाल्यावर जाय. अन् बॅगेतली ती हिरवी साडी काढ, चुरगळते."

बुधवारी गुंजन रडली, दामिनीचा मुलगा रडला, आणि सगळ्यांत जास्त काकू रडल्या. नर्सबाईंनी "आजी, पाय धरा" म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून पाय धरले, आणि एक लाथ हनुवटीवर खाल्ली. संध्याकाळी दोन्ही घरांत ताप. काकू ओलं फडकं घेऊन इकडून तिकडे, तिकडून इकडे. सकाळी त्यांनी मोबाइल तोंडाशी धरला आणि बहिणीला, मंडळाला, सगळ्यांना बोलून कळवलं: "ताप उतरला. पोरगी लाथा झाडून राहिली. दामिनीचाही बरा हाय. दाबून ठेवू नका, सगळ्यांले पाठवा."

फारसं कोणी पाठवलं नाही. देवकीनं मात्र भजनात सगळ्यांना ऐकवलं म्हणतात.

काकू सुधारल्या असं समजू नका. अननसाचं पाणी अजून येतं. काल लसणाच्या पाकळीचं काहीतरी आलं होतं, कानात घालायची. पण कोणाच्या लेकराला काही झाल्याचा मेसेज आला की त्या थेट फोन लावतात: "कोणाचं लेकरू हाय? मंग सकाळी कसं होतं?" आतापर्यंत एकालाही सांगता आलेलं नाही. त्या मेसेजची वाटी काकूंकडेच पडून राहते.

तान्ह्या पोळ्याला मनोहररावांनी बैल ओढला. शिंगांना झिरमिळ्या, गळ्यात घुंगरू, मागे काकूंच्या कडेवर गुंजन, तिच्या मागे हिरव्या साडीत मिनल. सिंधूताईंनी दारात बोजारा तयार ठेवला होता, मुरमुऱ्याचा लाडू.

"दात कोठं हाय तिले?" काकू म्हणाल्या.

"तिच्यासाठी नाही, माह्यासाठी आणला," सिंधूताई म्हणाल्या आणि लाडू स्वतःच्या तोंडात टाकून गाल पुढे केला. "हं. दे वं माय माहा बोजारा."